कसर

वाचनगृहात शाईला मज्जाव आहे.
पेन मी दाराशीच काढून घेतो, पेन्सिल देतो,
रजिस्टर पुढे करतो: नाव, तारीख, पेटी क्रमांक.
बाहेर पेनीशचा वारा खिडक्यांना धडका देत असतो,
आत पानं उलटल्याचा आवाज, आणि माझा खोकला.

ग्रासिएत आली तेव्हा तिच्याकडे एकच वाक्य होतं:
‘१९०७च्या हिवाळ्यात मासळीच्या कारखान्यावर
बायका चालून आल्या, दारू ढोसून.’
मी सहा पुस्तकं तिच्यापुढे मांडली. सहाही तेच म्हणत होती.
सहावं पाचव्याच्या हवाल्याने, पाचवं तिसऱ्याच्या,
चौथं कुणाच्याच नाही, नुसतं ठणकावून.
जत्रेत एकमेकांचा सदरा धरून चालणाऱ्या पोरांसारख्या तळटिपा,
आणि सगळ्यांच्या पुढे डॉक्टर सार्मेन्यु, कापडी बांधणीचे,
ज्यांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं मी दर वर्षी पुसतो.

‘ही झाली सांगोवांगी,’ ती म्हणाली. ‘अस्सल कुठे आहे?’

सार्मेन्युंची तळटीप: पोलीस अहवाल, पेटी चौदा.
मी तळघरात उतरलो.
पेटी पाण्याच्या टाकीमागे, दोरीची गाठ इतकी जुनी
की सोडवताना तिचा भुगा झाला.
चौघडी घातलेलं पान. तिसऱ्या ओळीत:
बायका आल्या, सोबत ‘विन्युश’.
आमच्या भाषेत विन्यु म्हणजे दारू.
सहाही पुस्तकं खरी ठरली.
ग्रासिएत पेन्सिलीचं टोक चावत राहिली. मग म्हणाली,
‘मीही हेच छापलंय दोन वर्षांपूर्वी. पेटी न उघडता.
आज निदान उघडली.’

चारच्या सुमाराला ऊन त्या टेबलावर येतं, जेमतेम वीस मिनिटं.
तिने पान उजेडात धरलं
आणि तसंच धरून ठेवलं.
घडीवर एक पिवळी रेघ. डिंक.
मी पट्टी आणून दिली: हे पान वरच्या-खालच्या पानांपेक्षा
नखभर अरुंद.
कधीतरी घडीला कसर लागली होती,
आणि कुणा मायाळू हाताने
खाल्लेले दोन्ही काठ जवळ ओढून चिकटवले होते.

गुरुवारी लेइरियाहून तिचा फोन आला.
जिल्हा कचेरीत गेलेली दुसरी प्रत तिथे होती, धड, न खाल्लेली.
‘विझिन्युश,’ ती म्हणाली. ‘मधलं झि गेलं होतं.’
विझिन्युश म्हणजे शेजारी.
बायका आल्या, सोबत शेजारी.
मागच्या पानावर नावं: लिबानिया, फेलिज्मिना,
जाळी सांधणारा जासिंतु, एक पाववाला, त्याची आई.
मी म्हटलं, ‘मग झालं तर! सापडलं.’
‘काय सापडलं? अस्सल असला तरी पोलिसाचा कागद.
लिबानिया स्वतः काय म्हणाली, ते यात कुठे आहे?’
आणि तिने मला चर्चच्या वह्या काढून ठेवायला सांगितल्या,
पगारपत्रकं, उधारीच्या चोपड्या, असेल ते सगळं.

त्या संध्याकाळी मी माझंच जुनं रजिस्टर काढलं,
माझ्या आधीच्या आधीच्या माणसाच्या अक्षरातलं.
सार्मेन्यु इथे अकरा वेळा आले होते. अकराही सह्या ऐटबाज.
पेटी चौदा त्यांनी एकदाही मागितली नव्हती.
एका नकलनविसाला मात्र तिच्यासाठी
दोन एश्कुदु दिल्याची पावती आहे.
त्या माणसाने दिसलं ते उतरवलं. त्याला मी काय बोलणार?

कार्डांच्या खणात त्या पुस्तकाच्या कार्डावर
मी पेन्सिलीने लिहिलं: पाहा, लेइरिया, दुसरी प्रत.
सार्मेन्युंना जागेवर ठेवलं. पाठ पुसली नाही.

शाळेची मुलं येतात तेव्हा मी त्यांना गोष्टी सांगतो.
झिंगलेल्या बायकांची गोष्ट हमखास हशा मिळवायची,
मी थोडा झोकांड्या खाऊन दाखवायचो.
मागच्या खेपेला एक मुलगी हसली नव्हती.
आडनाव विचारायचं राहून गेलं.

मंगळवारी शाळा पुन्हा येणार आहे.